मानसिक आजार असलेल्या स्त्रिया आणि जोडीदाराकडून होणारी हिंसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न स्वतः हिंसा सोसणाऱ्या स्त्रिया विचारतात, त्यांच्या आया आणि भाऊ विचारतात, मानसोपचार विभागातल्या परिचारिका आणि गावातल्या आशा कार्यकर्त्याही विचारतात. उत्तरे लिहिताना महाराष्ट्रातील परिस्थिती आणि भारतातील सध्याचा कायदा डोळ्यांसमोर ठेवला आहे. सोयीसाठी बहुतेक ठिकाणी 'नवरा' हा शब्द वापरला असला, तरी लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडप्यांनाही यातील बराचसा मजकूर लागू पडतो.

मानसिक आजार असलेल्या स्त्रीवरील हिंसेचा वेगळा विचार कशासाठी करायचा?

कारण इथे त्रास देणाऱ्याच्या हाती जास्तीची साधने असतात. मारहाण, शिवीगाळ, पैशांची अडवणूक, माहेरी जाऊ न देणे हे जसे इतर घरांत घडते तसे इथेही घडते. पण त्याच्या जोडीला गोळ्यांचा डबा, दवाखान्याची फाईल, पुढच्या तपासणीची तारीख आणि "हिच्या डोक्यावर परिणाम झालाय" हे एक वाक्य नवऱ्याच्या ताब्यात असते. त्या एका वाक्याने बायकोची तक्रार पोलीस ठाण्यात, सासरच्या बैठकीत आणि पुष्कळदा माहेरीसुद्धा दारातच अडते. इतर स्त्रियांना आपल्यावर काय झाले ते पटवून द्यावे लागते, तर या स्त्रीला त्याआधी आपल्या सांगण्यावर विश्वास ठेवता येतो हेच पटवून द्यावे लागते.

दुसरे कारण उपचारांशी निगडित आहे. घरात मार चालू असताना झोप लागत नाही, भीती जात नाही, रडू थांबत नाही. डॉक्टरांना हे माहीत नसेल तर औषध लागू पडत नाही असे समजून मात्रा वाढवली जाते. मात्रा वाढली की ती दिवसभर सुस्त राहते, स्वयंपाक रखडतो, मुलांचे डबे राहून जातात, आणि त्याच कारणावरून पुन्हा मार बसतो. हे चक्र केवळ औषधाने तुटत नाही.

असे किती स्त्रियांच्या बाबतीत घडते?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयोगटातील विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारणपणे चौघींत एक असे आहे. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कोणाकडे तरी मदत मागितलेल्या स्त्रिया जेमतेम १४ टक्के होत्या. हे झाले सर्व स्त्रियांचे आकडे.

मानसिक आजार असलेल्या स्त्रियांमध्ये प्रमाण याहून बरेच जास्त आढळते. अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार नैराश्य असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ४६ टक्के, तर आघातोत्तर तणावाचा विकार (भयंकर अनुभवानंतर जडणारा, पीटीएसडी) असलेल्यांपैकी सुमारे ६१ टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराची हिंसा सोसली होती. आपल्याकडचा एक जुना पण महत्त्वाचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात दक्षिण भारतातील मानसोपचार रुग्णालयात दाखल झालेल्या १४६ स्त्रियांशी बोलणे झाले. त्यांपैकी ३४ टक्के स्त्रियांनी लैंगिक जबरदस्तीचा अनुभव सांगितला, जबरदस्ती करणाऱ्यांत नवरा किंवा जोडीदार यांचेच प्रमाण सर्वांत जास्त होते, आणि असा अनुभव आलेल्यांपैकी सुमारे ६० टक्के जणींनी तोवर हे कोणालाच सांगितले नव्हते. शांतपणे, एकटीला विचारल्यावर त्यांनी सांगितले. आजारी बाईला असे काही विचारून उपयोग नाही, हा समज निदान या अभ्यासानंतर तरी टिकायला नको होता.

आधी हिंसा सुरू होते की आधी आजार?

दोन्ही क्रम दिसतात. निरोगी मुलगी लग्न होऊन सासरी येते आणि दोनतीन वर्षांच्या मारहाणीनंतर तिला नैराश्य येते, झोपेत दचकून उठण्याचा त्रास जडतो, आत्महत्येचे विचार येऊ लागतात. उलट, आधीपासून स्किझोफ्रेनिया (भास-भ्रमांचा आजार) किंवा बायपोलर आजार (उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणारा) असलेल्या स्त्रीवर कामाची गती, वागणे, औषधाने वाढलेले वजन अशा कारणांवरून हिंसा सुरू होते. काही औषधांनी मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते. मग मूल होत नाही यावरून टोमणे सुरू होतात, आणि ती घाबरून स्वतःच गोळ्या बंद करते. खरे तर यावर उपाय असतात, औषध बदलता येते, पण ते डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलता आले तरच.

बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे विशेष नाजूक असतात. या काळात उद्भवणारा तीव्र मनोविकार हजार बाळंतपणांत एकदोघींना होतो, तो बहुधा उपचारांनी बरा होतो, पण त्या काळातले तिचे वागणे पुढे वर्षानुवर्षे तिच्याविरुद्ध काढले जाते.

नवरा हात उगारत नाही. मग याला हिंसा म्हणता येईल का?

हो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ या कायद्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारच्या छळाचा समावेश आहे, आणि मानसिक आरोग्याला पोहोचवलेली इजाही त्यात स्पष्टपणे धरली आहे. आजार असलेल्या स्त्रीच्या बाबतीत ही हिंसा काही ठरावीक रूपांत दिसते, पण बाहेरच्या माणसाला ती काळजीसारखी भासू शकते.

गोळ्या लपवणे हे त्यातले नेहमीचे रूप. महिन्याच्या गोळ्या आणल्या जातात, पण कपाटाची किल्ली नवऱ्याकडे असते. भांडण झाले की दोन दिवस गोळी मिळत नाही, तिसऱ्या दिवशी तिची चिडचिड वाढते, आणि तीच चिडचिड फोनवर चित्रित करून नातेवाइकांना पाठवली जाते. दुसऱ्या टोकाला, "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणून जास्तीची झोपेची गोळी दिली जाते, म्हणजे ती प्रश्न विचारत नाही. तपासणीच्या तारखेला गाडीभाड्याचे पैसे न देणे, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर मिळणारी मदत स्वतःच्या खात्यात वळवणे, मुलांसमोर "तुमची आई वेडी आहे" असे म्हणत राहणे, आणि "जास्त बोललीस तर ठाण्याला नेऊन टाकीन" किंवा "येरवड्याला पाठवीन" अशी धमकी देणे हे सगळे हिंसेतच मोडते. महाराष्ट्रात मनोरुग्णालये असलेल्या या दोन गावांची नावे एवढ्या घरांत धमकी म्हणून उच्चारली जातात की तिथल्या रुग्णालयांत उपचार घ्यायला जाण्याचीही बायकांना धास्ती वाटते. उपचारांचे याहून मोठे नुकसान क्वचितच दुसऱ्या कशाने झाले असेल.

ती गोळी घेत नाही, म्हणून आम्ही चहातून देतो. हे चूक आहे का?

हेतू चांगला असला तरी हे करू नये, असेच आमचे स्पष्ट मत आहे. तिला कळते तेव्हा घरच्यांवरचा विश्वास जातो, आणि "माझ्या खाण्यात काहीतरी घालतात" ही तिची तक्रार भ्रम न राहता वस्तुस्थिती होऊन बसते. बायपोलर आजारावरच्या लिथियमसारख्या औषधाची पातळी रक्त तपासून बघावी लागते. गुपचूप दिलेल्या औषधाचे दुष्परिणाम ती सांगू शकत नाही. गोळी नको म्हणण्यामागे बहुधा कारण असते. ते कारण डॉक्टरांसमोर तिलाच सांगू द्यावे.

तिला संशयाचा आजार आहे. मग ती मारहाणीचे सांगते ते खरे कसे मानायचे?

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देणे गरजेचे आहे. संशयाचा आजार असलेल्या व्यक्तीचा एखाद्या विषयावरचा समज चुकीचा असू शकतो. त्यामुळे तिच्या आयुष्यातली प्रत्येक घटना काल्पनिक ठरत नाही. शेजारीण आपल्यावर करणी करते असे म्हणणाऱ्या बाईच्या दंडावर पट्ट्याचे वळ असतील, तर वळ हे वळच आहेत. एकाच बोलण्यात भ्रम आणि खरी घटना दोन्ही येऊ शकतात, आणि त्या वेगळ्या करणे हे ऐकणाऱ्याचे काम आहे.

ते करण्याची पद्धत अवघड नाही. तिला एकटीला बसवून, घाई न करता, कधी घडले, कशाने मारले, तेव्हा घरात कोण होते, नंतर कुठे गेलीस असे साधे प्रश्न विचारावेत. जखमेचा रंग, लांबी, जागा पाहावी. मुलांचे वागणे, शेजाऱ्यांनी ऐकलेला आवाज, आधीच्या केसपेपरवर "घरात पडली" असे कितीदा लिहिले आहे, हे पाहावे. डॉक्टरांनी तिचे शब्द तिच्याच भाषेत आणि जखमेचे वर्णन वेगळे असे दोन्ही केसपेपरवर लिहावे. "रुग्ण नवऱ्यावर संशय घेते" एवढीच नोंद करून पान उलटू नये. त्या एका ओळीचा वापर पुढे कोर्टात तिच्याविरुद्ध होतो. आणि घटना खरी की भ्रम हे लगेच ठरत नसेल, तर ठरेपर्यंत तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था करायला काहीच हरकत नसते.

आजाराच्या भरात तीच अंगावर धावून येते. नवऱ्याने आवरायचे नाही का?

आवरायचे, पण आवरणे आणि मारणे यांतला फरक घरातल्या सगळ्यांना कळत असतो. तीव्र झटक्यात कोणी स्वतःला किंवा लहान मुलाला इजा करू पाहत असेल, तर तिला काही क्षण धरून ठेवणे, धारदार वस्तू बाजूला करणे, मुलांना शेजारी पाठवणे, ११२ या क्रमांकावर किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करणे हे योग्यच आहे. झटका ओसरल्यावर "आता कळेल तुला" म्हणून मारणे, दिवसभर खोलीत कोंडणे, जेवण न देणे, केस कापणे याला आवरणे म्हणता येणार नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई आहे.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. वर्षानुवर्षे बायकोची सेवा करणारे, रात्री जागणारे, नोकरी सांभाळून तिला तपासणीला घेऊन येणारे नवरे आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांनाही थकवा येतो, मारही लागतो. त्यांना मदत मिळाली पाहिजे, त्यांच्या सुरक्षिततेचाही विचार झाला पाहिजे. पण थकवा हे मारहाणीचे कारण म्हणून पुढे केले जाते, तेव्हा एक प्रश्न विचारून पाहावा : हा माणूस कामावर, वरिष्ठांसमोर, भावांसमोरही असाच हात उचलतो का? तिथे तो स्वतःला आवरू शकत असेल, तर घरीही आवरू शकतो.

ती नको म्हणत असताना नवरा शारीरिक संबंध ठेवतो. याची दाद कुठे मागायची?

अठरा वर्षांवरील पत्नीशी नवऱ्याने केलेली जबरदस्ती भारतीय न्याय संहितेत बलात्कार धरली जात नाही, हे कटू सत्य आहे. तरीही २००५ च्या कायद्यात लैंगिक छळ ही हिंसा आहे आणि त्यावर दंडाधिकाऱ्यांकडून संरक्षण आदेश मिळू शकतो. झोपेच्या गोळीच्या अमलाखाली असलेल्या स्त्रीशी ठेवलेला संबंध तिच्या संमतीने ठेवलेला म्हणता येत नाही, हे डॉक्टरांनी आणि समुपदेशकांनी तिला स्पष्ट शब्दांत सांगावे. पुष्कळ जणींना असे कोणी कधी सांगितलेलेच नसते. काही औषधे गर्भाला घातक असतात, त्यामुळे गर्भनिरोधाबद्दल तिच्याशीच, एकटीशी बोलणे आवश्यक आहे. मानसिक आजारावरचा उपाय म्हणून स्त्रीची नसबंदी करणे कायद्याने निषिद्ध आहे.

नवरा मला माझ्या मनाविरुद्ध मनोरुग्णालयात दाखल करू शकतो का?

केवळ नवरा म्हणतो म्हणून, नाही. २०१७ च्या कायद्यानुसार मनाविरुद्ध दाखल करण्यासाठी ठरावीक अटी आहेत : आजाराच्या तीव्रतेमुळे तिने अलीकडच्या काळात स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न केलेला किंवा धमकी दिलेली असावी, इतरांशी हिंसक वागलेली असावी, किंवा स्वतःची काळजी घेणे तिला इतके अशक्य झालेले असावे की त्यातून धोका उद्भवेल. मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर अशा दोघांनी तिला स्वतंत्रपणे तपासून तसे मत द्यावे लागते. असे दाखल जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी करता येते. पुढे ठेवायचे तर वेगळी, अधिक कडक प्रक्रिया आहे. स्त्रीला अशा प्रकारे दाखल केल्यास रुग्णालयाने तीन दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला (रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या कायदेशीर मंडळाला) कळवणे बंधनकारक आहे, आणि तिला स्वतःला मंडळाकडे दाद मागता येते. त्यासाठी मोफत वकील मिळण्याचा तिला हक्क आहे.

यात सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी माहीत असलेली तरतूद नामनिर्देशित प्रतिनिधीची आहे. मनाविरुद्ध दाखल करण्याचा अर्ज हा प्रतिनिधी करतो, आणि निदान व उपचारांची माहितीही त्याला मागता येते. तुम्ही कोणालाच नेमले नसेल तर नातेवाइकाला ही भूमिका मिळते, आणि व्यवहारात तो बहुधा नवराच असतो. पण कोणतीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी स्वतः नेमू शकते, आणि केव्हाही बदलू शकते. आई, बहीण, मैत्रीण, विश्वासातली शिक्षिका, कोणीही चालते, फक्त ती व्यक्ती सज्ञान आणि तयार असायला हवी. तब्येत बरी असताना हा कागद करून त्याची एक प्रत डॉक्टरांकडे आणि एक त्या व्यक्तीकडे ठेवावी. हिंसा होत असलेल्या प्रत्येक स्त्रीने हे काम सर्वांत आधी करावे, असे आम्हाला वाटते.

बरी झाल्यावरही घरचे न्यायला आलेच नाहीत, तर?

येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत दहा वर्षांहून जास्त काळ राहिलेल्या रुग्णांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकेद्वारे गेलेला आहे, आणि त्याच्या मुळाशी नवऱ्याने दाखल करून सोडून दिलेल्या एका स्त्रीची हकिगत होती. कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही एवढ्याच कारणाने कोणालाही रुग्णालयात ठेवता येत नाही, असे २०१७ चा कायदा सांगतो. राहत्या घरात राहण्याचा हक्क बजावण्यासाठी शासनाने कायदेशीर मदत द्यावी, असेही त्यात आहे. २००५ च्या कायद्यानुसार सामायिक, म्हणजे नवऱ्यासोबत राहत असलेल्या, घरात राहण्याचा तिचा हक्क घर कोणाच्या नावावर आहे यावर अवलंबून नसतो.

आजारामुळे घटस्फोट होईल का? मुले माझ्यापासून काढून घेतील का?

हिंदू विवाह अधिनियमात मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे, पण निदानाचा कागद दाखवला की घटस्फोट मिळाला, असे होत नाही. विकार इतका तीव्र असला पाहिजे की जोडीदाराने एकत्र राहण्याची अपेक्षाच करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली रामनारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या प्रकरणात आणि पुन्हा २०१३ साली कोल्लम चंद्रशेखर विरुद्ध कोल्लम पद्मलता या प्रकरणात स्किझोफ्रेनियाच्या निदानाने घटस्फोट आपोआप मिळत नाही, हेच स्पष्ट केले. दुसऱ्या प्रकरणातील पत्नी स्वतः डॉक्टर होती. आजाराचा पुरावा कोर्टात सादर झाला आणि दुसऱ्या बाजूने त्याला आव्हान दिले, तर कोर्टाने तो मुद्दा पुनर्विलोकन मंडळाकडे तपासणीसाठी पाठवायचा असतो.

मुलांच्या ताब्याचा निर्णय मुलांच्या हितावरून होतो. नियमित उपचार घेत असलेली आई मुलांना सांभाळू शकते, आणि उपचार चालू असल्याच्या नोंदी तिच्या बाजूने जातात. म्हणूनच "गोळ्या बंद केल्या तर आजार नाही असे सिद्ध होईल" हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. रुग्णालयात दाखल असताना तीन वर्षांखालील मूल सामान्यतः आईपासून वेगळे करता येत नाही, आणि धोका म्हणून वेगळे केलेच तर त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार व्हावा लागतो.

माझी साक्ष कोर्टात धरली जाईल का?

प्रश्न समजून त्यांची सुसंगत उत्तरे देता येत असतील, तर मानसिक आजार असलेली व्यक्तीही साक्षीदार म्हणून पात्र असते. मानसिक आजाराचे निदान म्हणजे अस्थिर मनाची व्यक्ती असे समजता येत नाही, असे २०१७ च्या कायद्यातच म्हटले आहे.

लग्नाआधी मुलीचा आजार लपवला होता. आता आम्ही कोणत्या तोंडाने तक्रार करणार?

ही अडचण माहेरच्या लोकांना गप्प बसवते. "लग्न झालं की सगळं ठीक होईल" असे कोणीतरी म्हणते, गोळ्या लग्नाच्या आठवड्यात बंद केल्या जातात, जागरण आणि दगदगीने महिन्याभरात आजार उफाळतो, आणि फसवणूक झाली म्हणून सासरचे संतापतात. लपवणे चूक होते, आणि त्यावरून नवरा विवाह रद्द करून घेण्यासाठी कोर्टात जाऊ शकतो. त्याला तो मार्ग मोकळा आहे. मारण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. हिंसेची तक्रार करण्यासाठी लग्न कसे जमले याचा हिशेब आधी द्यावा लागत नाही. मुलगी फोनवर फक्त "बरी आहे" म्हणत असेल आणि मागे कोणीतरी उभे असल्याचे जाणवत असेल, तर माहेरच्यांनी प्रत्यक्ष जाऊन, मुक्काम करून बघावे.

तक्रार कुठे आणि कशी करायची?

२००५ च्या कायद्याखाली शासनाने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते. तो घटनेचा अहवाल तयार करून दंडाधिकाऱ्यांपुढे ठेवतो. मारहाण थांबवण्याचा, घरात राहू देण्याचा, खर्चाचा, मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेश मागता येतो. पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ लागतो, त्यामुळे अंतरिम आदेशाचा अर्ज पहिल्याच दिवशी करावा. क्रूरतेबद्दल फौजदारी तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ खाली होते; १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम ४९८अ लागू आहे.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने मिळून हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठी सुरू केलेला 'दिलासा' विभाग, आणि १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत सुरू केलेले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष, हे दोन्ही प्रयोग पुढे इतरत्र पसरले. जिल्ह्याच्या ठिकाणी 'सखी' वन स्टॉप सेंटर, म्हणजे हिंसाग्रस्त स्त्रियांना एकाच जागी मदत देणारे केंद्र, असते. महिलांसाठी १८१, तातडीसाठी ११२, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० हे क्रमांक आहेत. मोफत वकिलासाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही.

शेजारी, शिक्षिका, आशा कार्यकर्ती यांपैकी कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते, आणि ती सद्‌हेतूने दिली असेल तर देणाऱ्यावर जबाबदारी येत नाही. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीचा छळ किंवा हेळसांड होत असल्याचे कळल्यास पोलीस ठाण्याच्या प्रमुखाने ते दंडाधिकाऱ्यांना कळवणे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. ही तरतूद ठाण्यातल्या कर्मचाऱ्यांना नेहमी ठाऊक असतेच असे नाही. कायद्याचे कलम १०१ लिहून सोबत न्यावे.

घर सोडायचे ठरवले, तर औषधांचे काय?

कागदपत्रांइतकीच औषधांची तयारी महत्त्वाची आहे, कारण काही औषधे एकाएकी थांबली तर आजार पुन्हा उसळतो आणि सगळे श्रेय नवऱ्याच्या "बघा, मी म्हणत होतो" या वाक्याला जाते. निदान पंधरा दिवस पुरतील इतक्या गोळ्या, चिठ्ठीचा फोटो, केसपेपरची प्रत आणि डॉक्टरांचा क्रमांक विश्वासातल्या व्यक्तीकडे आधीच ठेवावा. चिठ्ठी हाती लागत नसेल तर रिकाम्या पाकिटाची मागची बाजू कापून ठेवली तरी पुरते. त्यावर औषधाचे नाव आणि मात्रा असते. आपल्या नोंदी रुग्णालयाकडून मागण्याचा हक्क तुम्हाला आहे.

निवारागृहे मानसिक आजार म्हटले की प्रवेश द्यायला कचरतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे आणि तो अन्यायकारक आहे. प्रकृती स्थिर असल्याचे आणि चालू औषधांचे पत्र मानसोपचारतज्ज्ञाकडून घेऊन ठेवल्यास ही अडचण बरीच कमी होते.

मांत्रिकाकडे नेऊन मारले, तर तो धर्माचा विषय ठरतो का?

नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्याला सहा महिने ते सात वर्षे कैदेची शिक्षा आहे.

डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशकांनी नेमके काय करावे?

बाह्यरुग्ण विभागात रोज दिसणारे चित्र असे असते : फाईल नवऱ्याच्या पिशवीत, खुर्चीवर नवरा, ती स्टुलावर किंवा मागे उभी. "झोप लागते का?" या प्रश्नाला "लागते की, दिवसभर झोपूनच असते" असे उत्तर नवरा देतो. गर्दीत डॉक्टरांना माणशी काही मिनिटेच मिळतात आणि नवऱ्याचे बोलणे मुद्देसूद असते, म्हणून तेच केसपेपरवर उतरते. हे बदलायला निधी लागत नाही. वजन घ्यायला किंवा रक्तदाब बघायला तिला परिचारिकेने आत न्यावे आणि नवऱ्याला बाहेर थांबवावे. हा सर्वांसाठीचा नियम असेल तर संशय येत नाही. मग विचारावे : "घरात कोणाची भीती वाटते का? गोळ्या कोणाकडे असतात? मागच्या महिन्यात कोणी हात उगारला का?" ती "नाही" म्हणाली तरी पुढच्या वेळी पुन्हा विचारावे. नवऱ्यासमोर हे प्रश्न कधीही विचारू नयेत, आणि तिने सांगितलेले त्याच्या कानावर घालून "समज" देऊ नये. त्याची किंमत ती घरी गेल्यावर मोजते.

नवरा-बायकोला एकत्र बसवून समजूत घालावी का?

हिंसा चालू असताना नाही. तिथे ती खरे बोलू शकत नाही, आणि बोलली तर रात्री मार खाते.

एवढी मदत करूनही ती परत नवऱ्याकडेच गेली, तर?

पुष्कळ जणी जातात. मुले तिथे असतात, हातात पैसा नसतो, माहेरी भावजयीची कुरकुर सुरू झालेली असते, आणि आजारामुळे आपण एकट्या राहू शकणार नाही असे तिला वर्षानुवर्षे ऐकवलेले असते. तिच्यावर चिडू नये, "आता पुन्हा येऊ नकोस" असे तर कधीच म्हणू नये. तपासणीची पुढची तारीख द्यावी, औषधे चालू ठेवावीत, फोनवर बोलता येत नसेल तेव्हा वापरायचा एखादा साधा शब्द ठरवून ठेवावा, आणि कागदपत्रांच्या प्रती आपल्याकडे जपून ठेवाव्यात. दंडाधिकाऱ्यांनी दिलेला संरक्षण आदेश ती परत नांदायला गेल्याने संपत नाही; तिने स्वतः रद्द करण्याचा अर्ज करेपर्यंत तो लागू राहतो, आणि तो मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हे तिला, आणि शक्य असेल तर संरक्षण अधिकाऱ्यामार्फत त्यालाही, ती घरी परतण्याआधी सांगितलेले असावे.